वरच्या ओळीप्रमाणे

शाळेचं नाव सांगून उपयोग नाही. यमुनेच्या पलीकडे त्या नावाच्या निदान नऊ शाळा आहेत आणि नवांच्याही फाटकावर हसरा सूर्य काढलेला आहे. त्यातल्या एका शाळेत गिरिजा पोंक्षे समुपदेशक होती. समुपदेशक म्हणजे रडणारी मुलं जिच्याकडे पाठवतात आणि वार्षिक समारंभात जिला पाहुण्यांच्या चपलांवर लक्ष ठेवायला सांगतात ती. वय सत्तेचाळीस, मानसशास्त्राची एम.ए., जन्म करोलबागेतला. तिची मराठी शुद्ध होती आणि हिंदी त्याहून शुद्ध, त्यामुळे दोन्हीकडची माणसं तिच्याशी जपून बोलत.

जुलैत प्राचार्य मेहरोत्रा सरांनी तिला बोलावून सांगितलं, की यंदापासून मुलांना सामाजिक कौशल्यं शिकवायची आहेत, कारण शेजारच्या शाळेने तसा फलक लावला आहे. गिरिजाने तीन आठवडे खपून एकशेवीस पानांची पुस्तिका लिहिली. खेळात सामील कसं व्हावं, आभार कसे मानावेत, राग आला तर काय करावं. प्रत्येक धडा चाळीस मिनिटांचा, आणि शेवटी प्रत्येक मुलाचं वेगळं निरीक्षण.

प्रयोगासाठी तिसरी अ निवडली होती. तिथल्या वर्गशिक्षिका सरला त्यागी यांनी पुस्तिका हातात घेऊन जोखली, भाजीवाल्याकडचा भोपळा जोखावा तशी. सरला हिंदीत बोलायच्या. आपण त्यांचं मराठीतच ऐकू, कारण त्यांच्या तक्रारी कुठल्याही भाषेत तशाच लागतात.

"पोंक्षे मॅम, हे शिकवायचं कधी? हजेरीनंतर माझ्याकडे सात मिनिटं असतात. त्यातली तीन डबे कुणी विसरले ते विचारण्यात जातात."

"मग सात मिनिटांचं करू."

"आणि हे निरीक्षण? चौतीस मुलं, चौतीस वाक्यं, दर आठवड्याला? मला घरी सासू आहे."

गिरिजाने पुस्तिका कापत कापत एका पानावर आणली. डावीकडे एकाखाली एक नावं, उजवीकडे निरीक्षणाचा रकाना. तरी सरलाबाई पानाकडे संशयानेच बघत होत्या. तेव्हा गिरिजा म्हणाली, "हे बघा, पहिल्या मुलाचं नीट लिहा. बाकीच्यांचं तसंच असेल तर खाली डिट्टो मारा."

सरलाबाईंचा चेहरा उजळला. 'तसंच असेल तर' हे तीन शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचले नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. पोचले, पण त्यांना तिथे बसायला जागा मिळाली नाही.

पटावर पहिलं नाव अर्णवचं होतं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सरलाबाईंनी खरोखर त्याच्याकडे बघून लिहिलं: 'अर्णव कानाची पाळी धरतो, जरा थांबतो, मग मला खेळायला घ्याल का असं विचारतो.' त्याखाली दोन तिरक्या रेघा, त्याखाली दोन, अशा तेहतीस जोड्या थेट तळापर्यंत. शेवटची जोडी वैभवी काळसेकरच्या नावापुढे पडली.

वैभवी दोन वर्षं शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. घरी मराठीत अखंड बडबड, आणि फाटकातून आत आली की तोंड बंद. आई देवयानी एकटीच तिला वाढवत होती आणि कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, म्हणजे राज्य सरकारच्या अतिथिगृहात, स्वागतकक्षात नोकरी करत होती. या, बसा, प्रवास कसा झाला, खोली तयार आहे. दिवसभर बोलण्याचाच पगार. मेहरोत्रा सरांनी तिला वीस सप्टेंबरची मुदत दिली होती. तोपर्यंत मुलगी बोलली नाही, तर 'अधिक योग्य संस्था' बघावी लागेल. ही संस्था कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण आपल्या आवारात नाही एवढं नक्की होतं.

"ताई, तुम्हीच काहीतरी करा," देवयानी गिरिजाला म्हणाली होती. "इथे मराठीत विचारायला मला दुसरं कोण आहे?"

गिरिजाने करते म्हटलं होतं. त्या आठवड्यापासून ती वैभवीच्या गप्प राहण्यापेक्षा आपण दिलेल्या शब्दालाच जास्त घाबरायला लागली.

ऑगस्ट सरता सरता मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात उभी होती. तिसरी अ मैदानावर आली. निधी नावाची मुलगी, जी एरवी चेंडू हिसकावून घ्यायची आणि मग खेळ सुरू झाला असं जाहीर करायची, ती चेंडूपासून दोन पावलांवर थांबली. तिने कानाची पाळी धरली. जरा थांबली. मग म्हणाली, "क्या मैं भी खेल सकता हूँ?"

सकता हूँ. गिरिजाला वाटलं, पोरीची जीभ घसरली असेल.

मग राघवने कानाची पाळी धरली. मग मानसने. बघता बघता चेंडूभोवती चौतीस मुलांचं कडं झालं. प्रत्येकाचा उजवा हात कानाला होता आणि प्रत्येक जण विचारत होता, मी पण खेळू शकतो का. हो म्हणायला कुणी उरलंच नव्हतं, कारण सगळेच विचारणारे होते. चेंडू मध्ये पडून होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा ती सगळी शांतपणे वळली आणि वर्गात गेली.

"वा," सरलाबाई शेजारी येऊन म्हणाल्या. "तीन आठवड्यांत एक गुडघा फुटला नाही. मॅम, तुमचा हा धडा म्हणजे औषध आहे."

"तुम्हाला काही वेगळं नाही वाटत?"

"वाटतं ना. माझं डोकं दुखायचं थांबलंय."

पण गिरिजा त्या कड्यातल्या शेवटच्या मुलीकडे बघत राहिली होती. वैभवीही बोलली होती. आवाज जरा बसका, सर्दी झाल्यासारखा. अर्णवला बारा महिने सर्दी असते.

त्या संध्याकाळी देवयानीचा फोन आला. ती रडत होती आणि रडताना हसत होती. वर्गात बोलली म्हणे, टीचरनी सांगितलं, ताई, तुमचे पाय धरू का. गिरिजा म्हणाली, अहो, माझं काय त्यात. हे खरंच होतं, पण ऐकणारीला तो विनय वाटला. फोन ठेवल्यावर गिरिजाने नवऱ्याला सगळं सांगितलं. नरसिंह पोंक्षे सरकारी लेखापरीक्षणात होता. त्याने तेवढंच विचारलं, "कागद पुरा आहे ना? मग काळजी कसली."

मेहरोत्रा सरांनी तिसरी अच्या रांगेचा फोटो काढून पालकांच्या गटावर टाकला. चौतीस मुलं, चौतीस कान, चौतीस हात. खाली शंभरावर अंगठे आले.

सप्टेंबरात देवयानी एकदा भेटायला आली. या खेपेला ती हसत होती, पण पर्स मांडीवर घेऊन तिचा बंद पुन्हापुन्हा उघडत लावत होती.

"घरी कशी आहे?" गिरिजाने विचारलं.

"छान आहे. शहाण्यासारखी वागते. राजमा मागते."

"आधी खायची?"

"आधी बघायचीसुद्धा नाही." देवयानीने पर्स बंद केली. "मला मम्मा म्हणते. हिंदीतच बोलते सगळं. म्हटलं, चलो, ठीक आहे, दिल्लीची पोरं अशीच होतात. पण परवा माझ्या आईचा फोन आला कोल्हापूरहून, तर विचारते, ही कोण आंटी."

"देवयानी, तिच्याशी एकदा मराठीत बोलून—"

"नको ताई. आता बोलतेय तर बोलू दे. वीस तारीख होऊन जाऊ दे आधी."

वीस तारीख शुक्रवारी आली. साडेबाराला बैठक होती. सकाळी नऊला गिरिजाच्या फोनवर देवयानीचाच संदेश होता: 'शाळेतून मेसेज आलाय वैभवी गैरहजर म्हणून. मी तिला स्वतः फाटकात सोडलंय. प्लीज बघा.' ती वाचेपर्यंत ऑफिसातून शिपाई आला. तिसरी अच्या बाकीच्या पालकांचेही तसेच फोन येत होते.

वर्गात तेहतीस मुलं बसलेली होती. दप्तरं बाकाखाली, हात बाकावर, डोळे उघडे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पंख्याने एका वहीची पानं उलटत होती आणि जिची वही ती मुलगी ती धरत नव्हती. सरलाबाई टेबलाशी निवांत वह्या तपासत होत्या.

"अर्णवला ताप आलाय," त्या म्हणाल्या. "तो नाही आला. बाकी सगळे आहेत."

"मग गैरहजर का लावलीत?"

"कुणी लावली?" त्यांनी निरीक्षणाचं पान ओढून बघितलं; हल्ली हजेरीही त्या त्यावरच मांडत. अर्णवच्या ओळीत 'गैरहजर' लिहिलं होतं. त्याखाली, हाताच्या सवयीने, तेहतीस जोड्या रेघा. ऑफिसातल्या मुलीने त्या पानावरूनच हजेरी भरली होती. "अरे देवा. हात चालत गेला बघा. पण आज वर्ग इतका शांत आहे, की सहा गठ्ठे झाले माझे."

गिरिजा निधीसमोर गेली. तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. डोळे हलले नाहीत. हात हातात घेतला तर ऊब होती, पण वजन नव्हतं. धुऊन वाळत घातलेल्या बाहीसारखा तो हात तिच्या बोटांवर लोंबत राहिला. तिने राघवला हाक मारली, मानसला मारली, सुधन्वाला मारली. वैभवीला ती हाक मारू शकली नाही. नुसती तिच्या बाकाशी जाऊन उभी राहिली.

सरलाबाईंनी लाल पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची डोकेदुखी परत आली होती आणि त्या एकदम ओळखीच्या दिसायला लागल्या.

"हे मी केलं?" त्यांनी विचारलं.

"डिट्टो चालेल हे मी सांगितलं," गिरिजा म्हणाली. "कोरा कागद द्या. निधीचं काय लिहू?"

तिला वाटलं होतं, निरीक्षणाचं काम आपलं, आपल्याला येतं. पण निधीबद्दल तिला 'आक्रमक, नेतृत्वगुण' एवढंच आठवलं. ते तिने लिहिलंसुद्धा. निधी जागची हलली नाही.

"छे," सरलाबाई म्हणाल्या. "तिचं असं लिहा. चेंडू हिसकावते, पण हरली की ज्याच्याकडून हिसकावला त्यालाच पाणी आणून देते. बाटली मात्र दुसऱ्याची."

गिरिजाने ते शब्दाला शब्द लिहिलं. शेवटच्या पूर्णविरामाला निधीने डोळे मिटले, उघडले आणि पुढच्याच्या पाठीत कोपर मारलं.

"राघव?"

"खडू खातो. विचारलं तर म्हणतो, कॅल्शियम."

"मानस?"

"शिंक आली तर सॉरी म्हणतो. दुसऱ्याला आली तरी तोच म्हणतो."

असं ते दोन तास चाललं. पुस्तिका न वाचलेल्या सरलाबाईंना सगळं ठाऊक होतं. कोण डब्यातली भेंडी दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात भरतं, बाप सोडायला आला की कोण मुद्दाम लंगडतं. हे लिहायला त्यांना कुणी कधी रकाना दिला नव्हता. एकेक ओळ पुरी होत होती आणि बाकावरचं एकेक मूल खोकत, खाजवत, भांडत परत येत होतं. बत्तिसाव्याला, सुधन्वाला, आपला काका अंतराळात असल्याचं आठवलं आणि वर्गात इतका गोंधळ झाला, की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

वैभवीची ओळ राहिली होती. तेवढ्यात दारात देवयानी आली. सदनातली साडी, गळ्यात ओळखपत्र, तशीच धावत आलेली. गिरिजाने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. देवयानीने एकदाही असं कसं होईल म्हटलं नाही. तिच्या घरात ते महिनाभर राहत होतं.

"म्हणजे आता तिचं खरं लिहिलं की ती बोलणार नाही."

"इथे नाही बोलणार."

"आणि साडेबाराला सर नाव काढतील." देवयानीने मुलीकडे बघितलं. वैभवी त्या गोंधळात एकटीच ताठ बसली होती. "ताई, मग तेवढी एक ओळ राहू दे ना. बाकीच्यांचं तुम्ही नीट केलंत. उद्या-परवा अर्णवचा ताप उतरेल, तो येईल, त्याच्याबरोबर हीपण बोलेल. मी सवय करून घेईन. राजमा काय, रोज करीन."

"ती रडते का घरी आता? पडली, लागलं, तर?"

देवयानीने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. "नाही."

"एकदाही?"

"अर्णव रडत नसेल," ती म्हणाली आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

गिरिजाला वाटलं होतं, अशा क्षणी नाही म्हणणं सोपं असेल, पण ते तसं नव्हतं. दिलेला शब्द होता. समोर एक बाई होती जिने आयुष्यात एवढंच मागितलं होतं, की आपलं मूल चारचौघांसारखं व्हावं. ते झालं होतं, तंतोतंत. गिरिजाने सरलाबाईंकडे बघितलं.

"वैभवी?" सरलाबाई हळू म्हणाल्या. "बोलत नाही. पण मी फळ्यावर काही चुकीचं लिहिलं की ती पेन्सिल खाली ठेवते. सगळा वर्ग उतरवत असतो, ही थांबते. तिच्या पेन्सिलीवरून मी फळा दुरुस्त करते. दोन वर्षं झाली. तिला माहीत नाही मला कळतं ते."

गिरिजाने लिहिलं. देवयानी भिंतीकडेच बघत होती, तरी पेन थांबल्याचं तिला कळलं असावं, कारण ती वळली. वैभवीने आईला बघितलं. तिचे ओठ हलले नाहीत. पण तिने दप्तर उचललं, बाकातून बाहेर आली आणि आईच्या साडीच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभी राहिली.

बैठक सात मिनिटांत आटोपली. मेहरोत्रा सरांनी मुलीला नाव विचारलं. मग इंग्रजीत विचारलं. मग हिंदीत हसून विचारलं. पेन्सिलीची ओळ त्यांनी वाचली आणि म्हणाले, हे फारच सुंदर आहे, हे आपण माहितीपत्रकात घेऊ, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज देवयानीपुढे सरकवला. देवयानीने सही केली. गिरिजाकडे न बघता ती बाहेर पडली. फाटकापाशी बॅटरी-रिक्षात बसताना वैभवीने आईची मान खाली ओढली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. ती बराच वेळ बोलत होती. गिरिजाला व्हरांड्यातून फक्त देवयानीची पाठ दिसत होती. ती पाठ अर्ध्यात ताठ झाली.

सहाच्या सुमाराला फोन वाजला.

"ताई, दाखल्याचं मी बघते, ते जाऊ द्या," देवयानी म्हणाली. तिचा आवाज दुपारपेक्षा खूप लहान झाला होता. "ती काय म्हणाली सांगते. विचारलं नव्हतं मी, आपणहून सांगत होती, मराठीत. म्हणाली, आई, आत खूप गर्दी होती. आम्ही सगळे एकाच बाकावर. एकमेकांच्या मांडीवर. आणि सगळ्यात खाली अर्णव. तो उठा उठा म्हणत होता, पण कुणाला उठताच येत नव्हतं." मग तिने विचारलं, "ताई, तुम्ही आज सगळ्यांचं लिहिलंत ना? त्याचं लिहिलंत?"

गिरिजाने पिशवीतून कागद काढला. नव्या पानावर तेहतीस ओळी होत्या. अर्णवची जागा तिने कोरी सोडली होती, कारण तो तर मूळचा, त्याचं काय दुरुस्त करायचं. त्याच्यापुढे जुन्या पानावरचा एकच शब्द लागू होता: गैरहजर.

तिने अर्णवच्या घरी फोन लावला. त्याच्या आईने सांगितलं, ताप दुपारीच उतरला, डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे. फक्त उठत नाहीये. डोळे उघडे आहेत, पण हाक मारली तर बघत नाही. थकला असेल, नाही का?

मग गिरिजाने सरलाबाईंना फोन लावला.

"अर्णव?" सरलाबाई म्हणाल्या. "कानाची पाळी धरतो."

"ते झालं. ते सगळेच धरत होते. दुसरं सांगा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. जिला तेहतीस पोरांच्या खोड्या, डबे आणि बाप पाठ होते त्या बाईने गॅस बंद केला.

"एकदाच बघितलं मी त्याच्याकडे," शेवटी त्या म्हणाल्या. "ऑगस्टात. त्यानंतर दर सोमवारी मागच्या सोमवारची ओळ उतरवली. पहिला नंबर, गुणी मुलगा, कधी काही केलंच नाही त्याने." आणि मग, "मॅम, त्याचा चेहरा आठवत नाहीये मला."

सात वाजता दोघी वसुंधरा वसाहतीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अर्णवच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. आईने चहा ठेवला आणि विचारलं, शाळेतून दोन-दोन मॅडम कशा काय. सरलाबाई म्हणाल्या, असंच, बघायला. अर्णव छताकडे बघत पडला होता. त्याचा हात पांघरुणावर होता, कानापासून लांब. भिंतीवर पाढे टांगलेले होते, कोपऱ्यात खेळण्यांचा खोका होता. पण गिरिजाने तिकडून नजर वळवली. खोक्यावरून लिहिणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

"काय बघायचं?" सरलाबाईंनी कुजबुजत विचारलं.

"ठाऊक नाही. काही करेपर्यंत बघायचं."

चहावर साय धरली. गिरिजाने पेनचं टोपण काढून कोरी ओळ मांडीवर घेतली. सरलाबाईंनी घरी फोन करून सांगितलं, की आज सासूबाईंचं जेवण नणंदेने बघावं, मला किती वेळ लागेल सांगता येत नाही. मग त्यांनी फोन उलटा ठेवला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.